दम्यासाठी रोज वायसोलोन (प्रेडनिसोलोन, स्टेरॉइडची गोळी) चालू, आता बायोलॉजिक (दाहाचा ठरावीक घटक अडवणारं) इंजेक्शन सुचवलंय. कोणतं घ्यावं आणि त्याआधी काय तपासावं?

कृष्णाकाठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. आईसाठी विचारतेय. वय ५८, वजन ६२ किलो, राहायला कऱ्हाडला. दमा चाळिशीनंतर सुरू झाला. तंबाखू-सिगारेट कधीच नाही. पूर्वी बरीच वर्षं चुलीवर स्वयंपाक होता, आता गॅस आहे. सध्याची औषधं अशी:

फोराकॉर्ट ४०० रोटाकॅप (ओढायच्या पावडरची कॅप्सूल) सकाळी २, रात्री २
टिओव्हा रोटाकॅप सकाळी १
मॉन्टेअर एलसी रात्री १
डेरिफायलिन रिटार्ड १५० दिवसातून दोनदा
वायसोलोन १० मिग्रॅ रोज सकाळी, गेले पाच महिने. त्याआधीच्या वर्षभरात ४० मिग्रॅचे पाच-पाच दिवसांचे चार कोर्स
पॅन्टोप्राझोल ४० उपाशीपोटी
काचबिंदूचे थेंब, दोन्ही डोळ्यांत सकाळ-संध्याकाळ, साधारण आठ महिन्यांपासून
अस्थालिन पंप (श्वासनलिका लगेच मोकळ्या करणारा) लागेल तसा. सध्या महिन्याला एक संपतोय

रिपोर्ट: रक्तातले इओसिनोफिल (ॲलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी) ४२०, एकूण आयजीई (ॲलर्जीची अँटिबॉडी) १८५०, फेनो (दाह दाखवणारी श्वासाची तपासणी) ४८. स्पायरोमेट्रीत एफईव्ही-वन (जोरात फुंकल्यावर पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा) ५८ टक्के, पंपानंतर १६ टक्के म्हणजे २६० मिली वाढ. एक्स-रेमध्ये ठळक काही नाही. एचआरसीटी (छातीचा बारकाईचा सीटी स्कॅन) केलेलं नाही.

पुण्याच्या डॉक्टरांनी ओमालिझुमॅब, मेपोलिझुमॅब आणि बेनरालिझुमॅब ही तीन नावं सांगितली आणि पुढच्या भेटीत ठरवू म्हणाले. यातलं कोणतं, हे कशावरून ठरतं? इंजेक्शन सुरू झालं की वायसोलोन बंद करता येईल का? आणि इतक्या महाग औषधाकडे जाण्याआधी अजून काही करून बघायचं राहिलंय का?

---

औषधपेढी

ताई, इंजेक्शनचं नंतर बघू. आधी काचबिंदूच्या थेंबांची बाटली हातात घ्या आणि घटक वाचा. ‘टिमोलॉल’ लिहिलंय का? नुसतं टिमोलॉल असेल किंवा ब्रिमोनिडीन, डॉर्झोलामाइड, बिमाटोप्रोस्ट यांच्या जोडीने असेल.

टिमोलॉल हा बीटा-ब्लॉकर आहे. डोळ्यातला थेंब अश्रूनलिकेतून नाकात उतरतो आणि तिथल्या पातळ त्वचेतून थेट रक्तात जातो. गोळी पोटातून आधी यकृतात जाते, तिथे तिचा बराच भाग मोडतो. थेंबांच्या बाबतीत ही पायरीच नाही, त्यामुळे थेंब एवढासा असला तरी श्वासनलिकांवर परिणाम करायला पुरतो. दम्याच्या रुग्णाला टिमोलॉल देऊ नये, हे त्याच्या माहितीपत्रकातच असतं. वर अस्थालिन ज्या ग्राहींवर (रिसेप्टरवर) काम करतं तेच हे औषध अडवतं, म्हणजे गरजेच्या वेळी पंपही कमी लागू पडतो. तुमच्या यादीत थेंब आठ महिन्यांचे आहेत आणि रोजची वायसोलोन पाच महिन्यांची. ही तारखांची जुळणी दोन्ही डॉक्टरांच्या कानावर घालाच.

थेंब स्वतःहून बंद करू नका, डोळ्यातला दाब वाढला तर दृष्टी जाते. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना फोन करा आणि ‘आईला गंभीर दमा आहे, रोज स्टेरॉइड चालू आहे’ हे शब्द वापरून सांगा. लॅटॅनोप्रोस्टसारखे दुसऱ्या गटातले थेंब असतात, ते दम्यात सहसा चालतात. स्टेरॉइडनेही डोळ्यातला दाब वाढतो, म्हणून ती माहितीही त्यांना हवीच.

बीटा-ब्लॉकर अजून एका वाटेने घरात येतो. अर्धशिशी, हाताचा कंप किंवा छातीची धडधड यासाठी दिलेलं प्रोप्रॅनोलॉल. तसं काही चालू आहे का बघा.

आता बाकीची यादी. अस्थालिनच्या एका कॅनमध्ये २०० पफ असतात. महिन्याला एक म्हणजे दिवसाला सहा-सात पफ आणि वर्षाला बारा कॅन. वर्षाला तीन किंवा जास्त कॅन लागले तर अटॅकचा धोका वाढलेला धरतात, आणि बारापर्यंत आकडा गेला तर जिवाचा धोका वाढलेला असतो. ही गोष्ट डॉक्टरांना आकड्यात सांगा. ‘कधी कधी लागतो’ असं सांगितलं की तिचं गांभीर्य पोचत नाही.

डेरिफायलिनमध्ये थिओफायलिन आहे. उपयोगी मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर फार कमी. सिप्रोफ्लॉक्सासिन, एरिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन यांपैकी काही लघवीच्या किंवा घशाच्या इन्फेक्शनसाठी कुणी दिलं, तर थिओफायलिनची रक्तातली पातळी चढते. मळमळ, उलट्या, हात थरथरणं, ठोके वाढणं ही सुरुवात. पुढे झटकेही येऊ शकतात. गंभीर दम्यात याचा फायदा बेताचा आहे. ते चालू ठेवायचं का, हे पुढच्या भेटीत स्पष्ट विचारा.

मॉन्टेअर चालू झाल्यापासून झोपेत दचकणं, भयानक स्वप्नं, चिडचिड किंवा उदासी वाढली आहे का तेही पाहा. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मार्च २०२० मध्ये मॉन्टेल्युकास्टवर या मानसिक परिणामांसाठी सर्वांत कडक दर्जाचा इशारा लावला.

---

छातीतज्ज्ञ_गोंदिया

औषधपेढींनी टिमोलॉलची शंका काढली, उत्तम. मी रिपोर्टांबद्दल लिहितो.

फोराकॉर्ट ४०० च्या चार कॅप्सूल म्हणजे दिवसाला १६०० मायक्रोग्रॅम बुडेसोनाइड. मोठ्यांमध्ये ८०० च्या वर गेलं की उच्च मात्रा. म्हणजे कागदावर तरी त्या उपचाराच्या शेवटच्या पायरीवर आहेत. पण ‘गंभीर दमा’ हे नाव द्यायला तीन अटी लागतात: औषध रोज घेतलं जातंय, ते बरोबर ओढलं जातंय, आणि दमा बिघडवणाऱ्या इतर गोष्टी हाताळून झाल्यात. थेंबांत टिमोलॉल निघालं तर तिसरी अट तिथेच मोडते. पहिल्या दोन कुणीतरी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी धरत नाही.

आता इओसिनोफिल ४२०. हा आकडा रोज १० मिग्रॅ प्रेडनिसोलोन चालू असताना आलाय. ही गोळी इओसिनोफिल दाबते. दाबूनही ४२० असतील तर मूळचे बरेच जास्त असणार. फेनो ४८ तेच सांगतो. यावरून दाह टाइप-२ जातीचा (इओसिनोफिल आणि ॲलर्जीच्या वाटेचा) आहे हे स्पष्ट आहे, आणि ही चांगली बातमी आहे, कारण इंजेक्शनं याच जातीवर सर्वांत चांगली चालतात. (वाचणाऱ्या इतरांसाठी: गोळीचा कोर्स चालू असताना इओसिनोफिल १०० आले म्हणून ‘इंजेक्शन उपयोगाचं नाही’ असं ठरवू नका. कोर्स संपल्यावर एक-दोन आठवडे थांबून पुन्हा मोजायचं. गोळी बंद करता येत नसेल तर तिच्या कमीत कमी डोसवर मोजायचं. तीन वेळा मोजायलाही हरकत नाही.)

मला खटकतं ते आयजीई १८५०, तेही स्टेरॉइडवर. साध्या ॲलर्जीच्या दम्यात आयजीई वाढतं, पण १००० च्या पुढे गेलं की एबीपीए नाकारल्याशिवाय पुढे जायचं नाही. ॲस्परजिलस नावाची बुरशी श्वासनलिकेत बसते आणि शरीर तिच्याविरुद्ध ॲलर्जी धरतं, तो हा आजार. भारतात दम्याच्या रुग्णांमध्ये तो बराच सापडतो. ओल धरलेल्या भिंती, सडका पालापाचोळा, कंपोस्ट, जुनं धान्य ही बुरशीची ठिकाणं. तपासणीचा क्रम असा: पहिली ॲस्परजिलस फ्युमिगेटसविरुद्धची विशिष्ट आयजीई. ती ०.३५ च्या खाली आली तर एबीपीए जवळपास बाद. ०.३५ किंवा वर आणि एकूण आयजीई ५०० किंवा वर (२०२४ पर्यंत ही मर्यादा १००० होती), तर विशिष्ट आयजीजी आणि एचआरसीटी. सीटीत मधल्या भागातल्या फुगलेल्या श्वासनलिका आणि घट्ट कफाचे बोळे शोधतात.

एबीपीए निघाला तर दिशाच बदलते. प्रेडनिसोलोनचा ठरावीक चार महिन्यांचा उतरता कोर्स किंवा इट्राकोनॅझोल २०० मिग्रॅ दिवसातून दोनदा, चार महिने. साधारण आठ आठवड्यांनी एकूण आयजीई पुन्हा मोजतात. ते खाली येणं महत्त्वाचं, नॉर्मल होण्याची अपेक्षा नसते.

इथे दोन खड्डे आहेत आणि दोन्हींत पेशंट पडताना दिसतात. एक: इट्राकोनॅझोल बुडेसोनाइड आणि फ्लुटिकासोन यांचं यकृतातलं विघटन रोखतं. मग पंपातलं स्टेरॉइड रक्तात साचतं आणि चेहरा सुजणं, साखर चढणं, अंगातली कॉर्टिसोल ग्रंथी झोपणं असे गोळीचे सगळे दुष्परिणाम पंपाने होतात. तुमच्या आईच्या १६०० च्या डोसवर तर नक्कीच काळजी घ्यावी लागेल. अशा वेळी बेक्लोमेथासोनचा पंप देता येतो. मिथाइलप्रेडनिसोलोनही टाळायचं, प्रेडनिसोलोनवर परिणाम बराच कमी होतो. दोन: साध्या इट्राकोनॅझोल कॅप्सूलला पोटातलं आम्ल लागतं. वर पॅन्टोप्राझोल चालू असेल तर औषध शोषलंच जात नाही आणि चार महिन्यांनी ‘गुण आला नाही’ असा निष्कर्ष निघतो. जेवणासोबत घ्यायची, पॅन्टोप्राझोलची खरंच गरज आहे का ते ठरवायचं. सुपर-बायोअव्हेलेबल प्रकारच्या कॅप्सूलला ही अडचण कमी आहे, पण त्यांचे मिग्रॅ वेगळे असतात. आकडा बघून एकीच्या जागी दुसरी घेऊ नये.

अजून तीन तपासण्या इंजेक्शनआधी उरकून घ्या. शौच तपासणी आणि स्ट्राँगिलॉइड्स या जंताची रक्ततपासणी, कारण इओसिनोफिलवर काम करणारी औषधं जंताशी लढणारी फळीच कमी करतात, आणि स्टेरॉइडवर असताना हा जंत जीवघेणा पसरू शकतो. बेडक्याची सीबीनॅट तपासणी, पाच महिने स्टेरॉइड घेतलेल्या माणसात टीबी गृहीत धरून शोधायचा असतो. आणि एचआरसीटी, जे एबीपीए नसला तरी हवंच आहे.

आमच्या पूर्व विदर्भात, म्हणजे गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, नागपूर या पट्ट्यात, हत्तीरोगाच्या जंतामुळे होणारा ट्रॉपिकल इओसिनोफिलियाही दम्यासारखाच दिसतो: रात्रीचा खोकला, शिट्टी, आयजीई हजारांत. पण त्यात इओसिनोफिल ३००० च्या पुढे असतात आणि तीन आठवड्यांच्या डायइथाइलकार्बामाझिनने ते झपाट्याने उतरतात. कऱ्हाडला, ४२० वर, याची शक्यता फार थोडी. या भागातले वाचक असतील म्हणून नोंदवलं.

एक प्रश्न: आईला वास येतो का? नाकात पॉलिप सांगितलेत का? ॲस्पिरीन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक घेतल्यावर धाप लागली आहे का?

---

परिचारिका_शैला

रांगेत पाठीमागे दुसरा पेशंट थांबलेला असला की सगळे म्हणतात ‘बरोबर घेतो’. म्हणून आईला करून दाखवायला सांगा आणि मोबाइलवर व्हिडिओ काढा. व्हिडिओत हे बघा:

रोटाहेलरच्या चौकोनी खाचेत कॅप्सूल पारदर्शक बाजू खाली करून, वरच्या कडेशी सपाट होईपर्यंत दाबली जाते का. तळ फिरवल्यावर कॅप्सूलचे दोन भाग वेगळे होतात का. ओढण्याआधी श्वास बाहेर सोडला जातो का, आणि तो उपकरणात न फुंकता बाजूला सोडला जातो का. फुंकलं की पावडर ओली होते. मग ओठ घट्ट मिटून जोरात आणि खोल ओढायचं. पावडरच्या उपकरणाला वेग हवा, हळू ओढलं तर पावडर कॅप्सूलमध्येच राहते. दहा सेकंद श्वास रोखायचा. शेवटी उघडून कॅप्सूल बघायची. पावडर उरली असेल तर पुन्हा ओढायचं. प्रत्येक कॅप्सूल वेगळी, दोन एकत्र नाहीत.

एफईव्ही-वन ५८ टक्के असलेल्या व्यक्तीला बिघडलेल्या दिवशी एवढा जोर लावता येत नाही. नेमकं तेव्हाच औषध आत जात नाही. म्हणून हेच औषध पंप आणि स्पेसरने (पंपाला जोडायच्या प्लास्टिकच्या नळीने) द्यायचं का, हे विचारा. पंपाची पद्धत उलटी आहे: हलवा, स्पेसरमध्ये एकच पफ, आणि हळू, चार-पाच सेकंद घेत ओढा. जमत नसेल तर स्पेसरमधूनच पाच-सहा नेहमीचे श्वास. दुसऱ्या पफआधी अर्धा मिनिट थांबून पुन्हा हलवा. दोन पफ एकदम मारले की थेंब एकमेकांना आणि स्पेसरच्या भिंतीला चिकटतात. रोटाहेलर आणि पंप दोन्ही घरात असले की एकाची पद्धत दुसऱ्याला वापरली जाते. शक्यतो सगळी औषधं एकाच पद्धतीने ठेवा.

नवा स्पेसर वापरण्याआधी आणि नंतर दर आठवड्याला कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून बुडवा, आणि पुसू नका, तसाच निथळत ठेवा. कापडाने घासलं की प्लास्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध भिंतीलाच बसतं.

कॅप्सूल मूळ बाटलीतच, झाकण घट्ट लावून. पावसाळ्यात गोळ्यांच्या उघड्या डबीत काढून ठेवल्या की पावडरचे गोळे होतात. फ्रिजमध्ये नको, स्वयंपाकघरात वाफेजवळ नको.

औषध नियमित घेतलं जातंय का, याचा हिशेब सोपा आहे. दिवसाला चार कॅप्सूल म्हणजे महिन्याला १२०. बाटलीवर ३० लिहिलं असेल तर महिन्याला चार बाटल्यांची बिलं दिसायला हवीत. दीड-दोनच दिसत असतील तर आईला ओरडू नका. बहुतेक वेळा खर्च, घशाची जळजळ किंवा ‘पंपाची सवय लागते’ ही भीती मागे असते. त्याचं उत्तर शोधा. प्रत्येक डोसनंतर गुळण्या करून थुंकायचं, तोंडातली पांढरी बुरशी आणि आवाज बसणं त्याने कमी होतं.

---

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. थेंबांत ब्रिमोनिडीन आणि टिमोलॉल निघालं. नेत्रतज्ज्ञांनी बदलून दुसरे दिले आणि दाब दोन आठवड्यांनी तपासणार आहेत. त्यानंतर अस्थालिन लागणं कमी झालंय, पण रात्रीची धाप अजून आहे. व्हिडिओत श्वास उपकरणातच फुंकला जात होता. आता पंप-स्पेसरवर आणलंय.

ॲस्परजिलस आयजीई ०.१२. सीटीत श्वासनलिकांच्या भिंती जाड, बाकी काही नाही. शौच, स्ट्राँगिलॉइड्स, सीबीनॅट तिन्ही निगेटिव्ह. वास बऱ्याच वर्षांपासून येत नाही. कान-नाक-घसा डॉक्टरांना दोन्हीकडे पॉलिप दिसले. दातदुखीसाठी कॉम्बिफ्लाम (आयब्युप्रोफेन आणि पॅरासिटामॉल) घेतल्यावर एकदा अर्ध्या तासात जोराचा अटॅक आला होता, तेव्हा त्याचा संबंध कुणी लावला नव्हता.

---

छातीतज्ज्ञ_गोंदिया

आता चित्र बरंच स्पष्ट झालं. प्रौढ वयात सुरू झालेला दमा, नाकात पॉलिप, वास गेलेला, इओसिनोफिल जास्त, आणि आयब्युप्रोफेननंतर अर्ध्या तासात अटॅक. हे पाचही एकत्र येतात तेव्हा ॲस्पिरीन-संवेदनशील दमा असतो. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, नॅप्रोक्सेन, ॲस्पिरीन ही नावं लिहून पाकिटात ठेवा. सर्दीच्या आणि अंगदुखीच्या मिश्र गोळ्यांत ती लपलेली असतात. तापाला साधं पॅरासिटामॉल, एका वेळी ५०० मिग्रॅ, बहुतेकांना चालतं. या प्रकारात मॉन्टेल्युकास्टला अर्थ आहे, त्यामुळे मानसिक त्रास नसेल तर ते राहू द्या.

इंजेक्शन निवडताना मी तीन गोष्टी पाहतो: आकडे कोणत्या औषधाच्या चौकटीत बसतात, सोबत कोणता आजार आहे, आणि रोजची गोळी सोडवायची आहे का.

ओमालिझुमॅब आयजीईला पकडतं. डोस वजन आणि आयजीई यांच्या गुणाकारावर असतो: चार आठवड्यांना किमान ०.०१६ मिग्रॅ, प्रत्येक किलोला, आयजीईच्या प्रत्येक युनिटला. ६२ किलो आणि १८५० धरलं तर १८०० मिग्रॅच्या पुढे जातं, तर जास्तीत जास्त डोस दर दोन आठवड्यांना ६०० मिग्रॅ, म्हणजे चार आठवड्यांना १२००. म्हणजे तक्त्याबाहेर. शिवाय रोजची गोळी कमी करण्याबाबत त्याचा पुरावा दुबळा आहे. लहानपणापासूनच्या, धूळ-परागकणांच्या ॲलर्जीच्या दम्यात ते चांगलं औषध आहे. तुमच्या आईसाठी नाही.

मेपोलिझुमॅब इंटरल्यूकिन-५ ला (इओसिनोफिल वाढवणाऱ्या संदेशवाहक प्रथिनाला) पकडतं. १०० मिग्रॅ, दर चार आठवड्यांना त्वचेखाली. बेनरालिझुमॅब इओसिनोफिलवरच्या त्याच्या ग्राहीला चिकटतं आणि पेशीच नष्ट करवतं. ३० मिग्रॅ, पहिले तीन डोस चार-चार आठवड्यांनी, मग दर आठ आठवड्यांनी. दोन्ही आईला लागू आहेत. रोज स्टेरॉइड घेणाऱ्यांवरच्या चाचण्यांत गोळीच्या डोसमधली मध्यक घट मेपोलिझुमॅबने ५० टक्के होती (तुलनेच्या गटात शून्य) आणि बेनरालिझुमॅबने ७५ टक्के (तुलनेत २५). पण चाचण्या वेगळ्या, रुग्ण वेगळे, त्यामुळे ‘७५ मोठं म्हणून ते औषध मोठं’ असं वाचू नका. मेपोलिझुमॅबला नाकातल्या पॉलिपसाठीही मान्यता आहे, बेनरालिझुमॅबचा डोस दोन महिन्यांनी एकदा येतो. पॉलिपचा त्रास जास्त असेल तर मी मेपोलिझुमॅबकडे झुकेन. कऱ्हाड-पुणे फेऱ्या अवघड असतील तर बेनरालिझुमॅब. वासाबद्दल मात्र फार मोठं आश्वासन देणार नाही.

चौथं नाव डुपिलुमॅब. पॉलिप आणि स्टेरॉइडवर अवलंबून असलेला दमा दोन्हींवर चांगलं, पहिला डोस ६०० मिग्रॅ आणि मग दर दोन आठवड्यांना ३००. त्याने रक्तातले इओसिनोफिल काही काळ वाढतात, म्हणून आधीच १५०० किंवा जास्त असतील तर टाळतात. टेझेपेलुमॅब इओसिनोफिल कमी असलेल्यांनाही अटॅकपासून वाचवतं, पण रोजची गोळी कमी करण्याच्या चाचणीत ते अपेक्षित फरक दाखवू शकलं नाही.

निवडलेल्या औषधाला किमान चार महिने द्यायचे. यश म्हणजे अटॅक कमी, गोळी कमी, रात्रीची झोप. बेनरालिझुमॅबनंतर इओसिनोफिल शून्याजवळ दिसतील, तो त्याचा परिणाम आहे, घाबरून पुन्हा पुन्हा मोजू नका. पंप चालूच राहतो. इंजेक्शन लागू पडलं म्हणून पंप सोडणारे पुन्हा ॲडमिट होतात.

वायसोलोनबद्दल. पाच महिने रोज घेतल्यावर शरीराने स्वतःचं कॉर्टिसोल बनवणं कमी केलेलं असतं, म्हणून एका दिवसात बंद करायची नाही, दमा कितीही बरा वाटला तरी. साधारण क्रम: दमा चार आठवडे स्थिर असेल तर १० वरून ७.५, पुढच्या चार आठवड्यांनी ५. पाचवर थांबून सकाळी आठच्या सुमारास कॉर्टिसोल मोजायचं, त्या दिवशीची गोळी रक्त दिल्यानंतर. १० मायक्रोग्रॅम प्रति डेसिलीटरच्या वर असेल तर ग्रंथी जागी झाली आहे. ५ च्या खाली असेल तर गोळी तशीच ठेवून काही आठवड्यांनी पुन्हा मोजायचं. मधे असेल तर दर चार आठवड्यांना १ मिग्रॅ अशी हळू उतरंड. वाटेत गळून जाणं, चक्कर, मळमळ, सांधे दुखणं आलं आणि छाती मोकळी असेल, तर तो दमा नाही, कॉर्टिसोलची कमतरता आहे. या काळात ताप आला तर डोस तात्पुरता दुप्पट करावा लागतो आणि उलट्यांमुळे गोळी टिकत नसेल तर हायड्रोकॉर्टिसोन १०० मिग्रॅचं इंजेक्शन लागतं. हे डॉक्टरांकडून लेखी घेऊन ठेवा. हाडांची डेक्सा, साखर, ड जीवनसत्त्व आणि डोळ्यांचा दाब याच काळात करून घ्या. फ्लू आणि न्यूमोकोकलची लस राहिली असेल तर तीही.

अझिथ्रोमायसिन ५०० आठवड्यातून तीनदा हा एक स्वस्त पर्याय तुमच्या वाचनात येईल. किमान सहा महिने द्यावं लागतं, आधी ईसीजी आणि बेडक्याची तपासणी लागते. इंजेक्शन मिळू शकत असेल तर आईच्या बाबतीत मी त्याच्या मागे जाणार नाही.

---

दाव्याची_फाइल

खर्चाबद्दल. २०१९ मध्ये विमा नियामकाने ज्या बारा आधुनिक उपचारांना वगळू नये असं सांगितलं, त्या यादीत ‘इंजेक्शनने दिली जाणारी मोनोक्लोनल अँटिबॉडी’ आहे. ही सगळी इंजेक्शनं त्यात बसतात. पण कंपन्या त्यावर रकमेची उपमर्यादा लावू शकतात, ती पॉलिसीच्या तक्त्यात शोधा. दावे फेटाळले जातात ते बहुधा ‘ओपीडीत दिलं’ या कारणावरून. म्हणून डे-केअर दाखल करून देता येईल का हे रुग्णालयाला आधी विचारा आणि पूर्वमंजुरीचा अर्ज पहिल्या डोसआधी पाठवा. अर्जासोबत जोडा: वर्षभरातल्या स्टेरॉइड कोर्सच्या चिठ्ठ्या, इओसिनोफिल आणि स्पायरोमेट्रीचे तारखेसह रिपोर्ट, पंप-स्पेसरची पद्धत तपासल्याची डॉक्टरांची नोंद. दमा आधीपासून असल्याचं पॉलिसी घेताना जाहीर केलं नसेल तर दावा तिथेच अडू शकतो. उत्पादक कंपन्यांच्या रुग्ण-सहाय्य योजनेबद्दल डॉक्टरांकडेच विचारा, अर्ज त्यांच्यामार्फत जातो.

इंजेक्शन पुण्यातून विकत घेऊन कऱ्हाडला देणार असाल तर २ ते ८ अंश तापमान तुटता कामा नये. थर्मोकोलच्या डब्यात जेल पॅक, पण सिरिंज बर्फाला टेकलेली नको, गोठलं की ते वाया. देण्याआधी अर्धा तास खोलीच्या तापमानावर ठेवायचं, गरम पाण्यात नाही. बिल, बॅच क्रमांक आणि रिकामी पेटी जपून ठेवा, दाव्यात मागतात.

---

परिचारिका_शैला

इंजेक्शनला गुण यायला वेळ लागतो, तोपर्यंत अटॅकचा कागद फ्रिजवर लावून ठेवा. पीक-फ्लो मीटर घ्या. रोज सकाळी पंपाआधी, उभं राहून तीनदा फुंकायचं, सर्वांत मोठा आकडा लिहायचा. चांगल्या दिवसांतला सर्वोत्तम आकडा हा आधार. त्याच्या ८० टक्क्यांखाली गेलं तर डॉक्टरांना फोन, ५० टक्क्यांखाली गेलं तर थेट रुग्णालय.

अटॅकला अस्थालिन स्पेसरमधून, एक एक पफ करत ४ ते १०. वीस मिनिटांनी पुन्हा, पहिल्या तासात तीन वेळा चालतं. वाट बघत बसायचं नाही ती चिन्हं: एक वाक्य एका श्वासात पुरं होत नाही, ऑक्सिमीटरवर ९२ च्या खाली, ओठ निळसर, गुंगी. आणि सर्वांत फसवं चिन्ह म्हणजे शिट्टीचा आवाज अचानक थांबणं पण धाप तशीच असणं. हवा आतबाहेर जात नाही म्हणून आवाज गेलेला असतो. तेव्हा १०८ ला फोन करा, गाडी येईपर्यंत पफ चालू ठेवा, आईला आडवं न करता पुढे झुकून बसवा. सोबत औषधांची यादी द्या. त्यात ‘रोज स्टेरॉइडवर’, ‘टिमोलॉल नको’ आणि ‘आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक नको’ या तीन ओळी सगळ्यात वर आणि लाल पेनाने. कॅज्युअल्टीत डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन पटकन दिलं जातं.